चर्मपत्रे टिकतील, वह्यांचे काय?

१७ मे २०२३ रोजी न्यूयॉर्क येथील सोदबीज या लिलावगृहात एक जुने हिब्रू बायबल ३ कोटी ८१ लाख डॉलरना विकले गेले. इसवी सन ९०० च्या आसपास चर्मपत्रावर लिहिलेला हा ग्रंथ ७९२ पानांचा आणि सुमारे बारा किलो वजनाचा आहे. थोडी पाने वगळता संपूर्ण हिब्रू बायबल एका बांधणीत असलेल्या जगातील सर्वांत जुन्या प्रतींमध्ये त्याची गणना होते. अमेरिकेचे माजी राजदूत आल्फ्रेड मोझेस यांनी तो विकत घेतला आणि तेल अवीव येथील अनू या ज्यू लोकांच्या संग्रहालयाला दिला. ही बातमी जगभर गाजली. परंतु 'कोडेक्स सासून' हे त्या ग्रंथाचे नाव ज्यांच्यामुळे पडले ते डेव्हिड सॉलोमन सासून १८८० साली मुंबईत जन्मले होते, याची दखल मुंबईत फारशी कोणी घेतली नाही.

सासून यांनी हा ग्रंथ १९२९ साली अवघ्या ३५० पौंडांना घेतला होता. काळा घोडा येथील वाचनालयामुळे ज्यांचे नाव मुंबईकरांच्या तोंडी आहे, ते बगदादहून आलेले व्यापारी डेव्हिड सासून हे त्यांचे आजोबा. नातवाने आयुष्यभर हिब्रू हस्तलिखिते जमवली आणि १९३२ साली त्यांची दोन खंडांची सूची प्रसिद्ध केली. सूचीचे नाव 'ओहेल दाविद', म्हणजे दावीदचा तंबू. पुण्यातील जे प्रार्थनामंदिर 'लाल देऊळ' म्हणून सर्वपरिचित आहे, त्याचेही नाव हेच. आजोबांनी वास्तू उभारल्या, नातवाने ग्रंथ जमवले. पुढे तो संग्रह लिलावांतून जगभर विखुरला. तरी सूची तयार असल्याने त्यात काय होते, हे आजही सांगता येते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. वस्तू हातातून गेली तरी तिची नोंद उरली, तर ज्ञान नष्ट होत नाही. महाराष्ट्रातील ज्यू समाजाच्या ग्रंथधनाबाबत नेमकी या नोंदीचीच उणीव आहे.

मीरा-भाईंदरहून घोडबंदर रस्त्याने ठाण्याला गेले, की तेथे १८७९ साली उभे राहिलेले 'शाआर हाशामायिम' म्हणजे 'स्वर्गाचे द्वार' हे सिनेगॉग आहे. ते बांधले बेने इस्रायल समाजाने. सासून कुटुंब एकोणिसाव्या शतकात बगदादहून आले. बेने इस्रायल मात्र त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून कोकणात रुजलेले होते. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. केहीमकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडली. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण ही त्यांच्या सणांची नावे ऐकली, तर हा समाज परका आहे असे कोणाच्या मनातही येणार नाही.

या समाजाची मूळ कथा ग्रंथ हरवण्याची आहे. अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ मात्र समुद्रात गेले, अशी परंपरा सांगते. उरले ते स्मरणात राहिलेले 'शेमा' हे प्रार्थनावचन, सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे काही नियम. कथेतील तपशिलांवर विद्वानांचे एकमत नाही. तरीही ग्रंथावाचून धर्म जपलेला समाज, ही ओळख या लोकांनी स्वतः जपली आहे. त्यामुळे ग्रंथ पुन्हा हाती येणे हा त्यांच्या इतिहासातील दुसरा मोठा प्रसंग ठरतो. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर यांनी मांडवी भागात उभारले. ते दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले होते. नव्या सिनेगॉगसाठी तोराची गुंडाळी मिळवण्याकरिता ते कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तेथेच निवर्तले, असे सांगितले जाते.

तोराची गुंडाळी म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. मोशेची पाच पुस्तके शुद्ध मानलेल्या पशूच्या कातड्यावर, पिसाच्या किंवा बोरूच्या लेखणीने, प्रशिक्षित लेखकाने हाताने लिहायची असतात. अक्षरांची संख्या ३,०४,८०५. एखादे अक्षर चुकले, पुसले किंवा शेजारच्या अक्षराला चिकटले, तर दुरुस्ती होईपर्यंत ती गुंडाळी सार्वजनिक वाचनास अपात्र ठरते. दुरुस्त करण्यापलीकडे गेलेली गुंडाळी जाळत किंवा फेकत नाहीत. ईश्वराचे नाव असलेला मजकूर माणसाप्रमाणे सन्मानाने दफन करण्याची प्रथा आहे. या शिस्तीमुळे एका गोष्टीची खात्री मिळते. ठाण्यातील गुंडाळी आणि न्यूयॉर्कमधील गुंडाळी यांच्या मजकुरात फरक नसतो. एक प्रत नष्ट झाली तर समाजाची मोठी हानी होते, परंतु तोराचा मजकूर हरवत नाही.

आता दुसऱ्या प्रकारचे ग्रंथधन पाहू. १८३२ साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. १८४६ साली मुंबईत हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतर असलेला 'हागादा' शिळाप्रेसवर निघाला. वल्हांडणाच्या रात्री घरोघरी वाचायचा हा ग्रंथ. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या हागादाच्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया जमिनीवर बसलेल्या दिसतात आणि त्यांचा पेहराव मराठी आहे. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांचा मोठा संग्रह मराठीत आणला. १८८० च्या सुमारास बेंजामिन सॅमसन अष्टमकर आदी मंडळींनी कीर्तनाची परंपरा आपल्या समाजात आणली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने पूर्वरंग-उत्तररंगाच्या चालीवर, ओवी-साकी-दिंडीत रंगू लागली. धर्म पश्चिम आशियातला आणि रचना मराठी, असे हे साहित्य जगात दुसरीकडे कोठेही निर्माण झालेले नाही, होणेही शक्य नव्हते.

या साहित्याच्या छापील प्रती लंडन आणि जेरुसलेम येथील ग्रंथालयांत काही प्रमाणात सुरक्षित आहेत. खरा प्रश्न हस्तलिखितांचा आहे. कीर्तनकाराची आख्यानाची वही, हिब्रू प्रार्थना देवनागरीत उतरवून घेतलेले बाड, सिनेगॉगच्या सभांचे इतिवृत्त, जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी, 'केतुबा' हा विवाहकरार, वंशावळीचे कागद या साऱ्यांची प्रत बहुधा एकच असते. तिला धर्मनियमाचे कवच नाही, लिलावगृहात किंमत नाही आणि सिनेगॉगच्या पवित्र कपाटात जागाही नाही. पेटीत किंवा माळ्यावर पडलेली ही वही ज्या दिवशी रद्दीत जाते, त्या दिवशी तिच्यातील मजकूर जगातून नाहीसा होतो. वाचवायचे काय, असा प्रश्न विचारला तर आपले लक्ष स्वाभाविकपणे चर्मपत्राकडे जाते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर अधिक तातडी या वह्यांची आहे.

याची साक्ष ज्यू हस्तलिखितांच्या जगप्रसिद्ध शोधांतूनच मिळते. कैरोच्या जुन्या फुस्तात भागातील बेन एझरा सिनेगॉगमध्ये निकामी कागद टाकण्याची एक खोली होती. अशा साठ्याला 'गेनिझा' म्हणतात. सॉलोमन शेख्टर या केंब्रिजच्या विद्वानाने १८९६-९७ च्या हिवाळ्यात तिची तपासणी केली आणि तेथील कागद केंब्रिजला नेले. आज त्या एका विद्यापीठाकडे सुमारे १,९३,००० तुकडे आहेत. त्यांत धर्मग्रंथ होतेच. पण इतिहास बदलला तो व्यापाऱ्यांची पत्रे, हिशेब, खटले आणि विवाहकरार यांनी. बाराव्या शतकात ट्युनिशियातून येऊन मंगळुरात अनेक वर्षे राहिलेला अब्राहाम बेन यिजू हा ज्यू व्यापारी याच कागदांतून पुन्हा उजेडात आला. भारतात कागद मिळत नाही म्हणून एडनचे मित्र त्याला कोरा कागद भेट पाठवत, इतके बारकावे त्यात सापडतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्ययुगीन व्यापाराचे जे सर्वांत जिवंत चित्र आज उपलब्ध आहे, ते कैरोतील या रद्दीच्या खोलीतून मिळाले. ज्यांनी ते कागद टाकले, त्यांना त्यांचे मोल ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

कैरोची हवा कोरडी, म्हणून ते कागद टिकले. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राकाठी कुमरान येथे बदाऊनी मेंढपाळांना सापडलेल्या गुंडाळ्याही कोरड्या गुहांमुळे दोन हजार वर्षे तगल्या. त्यांचे सर्वाधिक नुकसान शोधानंतर झाले, हे विसरता येत नाही. १९५० च्या दशकात विद्वानांनी तुकडे जोडण्यासाठी चिकटपट्टी वापरली. तिचा डिंक चर्मपत्रात उतरला आणि पुढील पिढ्यांच्या तज्ज्ञांना तो काढत बसावे लागले. उलट एन गेदी येथे १९७० साली सापडलेली कोळशासारखी जळकी गुंडाळी कोणी उलगडण्याचा हट्ट धरला नाही. २०१५ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने, तिला न उघडता, आतील लेवीय पुस्तकाचा मजकूर वाचण्यात आला. आज साधन नसेल तर वस्तू आहे त्या स्थितीत सांभाळावी, उद्या साधन येईल, हा धडा त्यातून मिळतो.

कोकण किनाऱ्यावर मात्र थांबण्याची सवलत हवामान देत नाही. चार महिने हवेत पाणी असते. चर्मपत्र ओलीने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. कागदावरील लोहयुक्त शाई ओलाव्याने कागदच खाते. वाळवी आणि कसर यांना तर आमंत्रण लागत नाही. खाडी आणि मिठागरे यांच्या मधोमध वसलेल्या मीरा-भाईंदरच्या रहिवाशांना हे वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबई, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील तळमजल्यांवरच्या असंख्य घरांतील कागदपत्रे चिखलात गेली. त्यांत काय काय होते, याचा हिशेब कोणीही ठेवलेला नाही.

दुसरे संकट हवेचे नसून माणसांच्या पांगण्याचे आहे. १९४८ नंतर बेने इस्रायल समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ज्यू धर्मीयांची संख्या सुमारे अडीच हजार होती. कोकणातील अनेक सिनेगॉगच्या आसपास आता प्रार्थनेसाठी आवश्यक असलेले दहा प्रौढ पुरुष जमवणेही कठीण झाले आहे. मुंबईतील जुन्या चाळी पाडल्या जात आहेत आणि त्यांतील कुटुंबे ठाणे, मीरा रोड, वसई अशा उपनगरांत येत आहेत. घर बदलताना माळा रिकामा होतो. नव्या सदनिकेत माळाच नसतो. जुन्या कागदांचे बहुतेक निर्णय या दोन दिवसांच्या धांदलीत होतात, आणि तो निर्णय करणाऱ्या पिढीला हिब्रू येत नाही, बऱ्याचदा मोडीही वाचता येत नाही.

हे कागद केवळ अभ्यासकांच्या कामाचे आहेत, असेही नाही. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांच्या ज्यू असण्याविषयी तेथील धर्मपीठाने १९६० च्या दशकाच्या आरंभी शंका उपस्थित केली आणि विवाहाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी होऊ लागली. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ साली तेथील संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानले पाहिजे असे जाहीर केले. आजीचा विवाहकरार किंवा गावच्या सिनेगॉगमधील नोंद यांचे वजन किती असते, हे त्या पिढीने अनुभवले. महाराष्ट्रातील वाचकालाही हा अनुभव अपरिचित नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कामाला लागली, तेव्हा धूळ खात पडलेली दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. जुना कागद निरुपयोगी असतो, ही समजूत त्याची गरज पडेपर्यंतच टिकते.

शासनाच्या पातळीवर काहीच झालेले नाही, असे म्हणता येणार नाही. २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मोहिमेची घोषणा झाली आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन हे तिचे उद्दिष्ट ठरले. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. मात्र हस्तलिखित म्हटले की संस्कृत पोथी, ताडपत्र किंवा फार तर फारसी बखर एवढेच डोळ्यांसमोर येते. ज्यू कीर्तनकाराची मराठी वही या चित्रात कोठे बसते, याचा विचार झाल्याचे दिसत नाही. ७५ वर्षांहून जुना, हाताने लिहिलेला आणि ऐतिहासिक वा साहित्यिक मोल असलेला मजकूर हस्तलिखित ठरतो. १९५० साली लिहिलेली वही आता या व्याख्येत येते. म्हणजे देश सोडून गेलेल्या पहिल्या कुटुंबांनी मागे ठेवलेले कागद आजच वारसा ठरू लागले आहेत.

याच वयोमर्यादेची दुसरी बाजूही आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार असे हस्तलिखित खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. हे कागद इस्रायलमध्येच जावेत, कारण वाचणारी माणसे तेथे आहेत, असा एक युक्तिवाद केला जातो. तो अगदीच निराधार नाही. इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक १९८० च्या दशकात सुरू झाले, एवढी या समाजाने आपली भाषा जपली. तरीही अलिबाग, पेण, ठाणे येथील मराठी समाजजीवनाचा हा दस्तऐवज आहे आणि त्याचा संदर्भ येथील मातीतच लागतो, हा प्रतिवादही तितकाच खरा आहे. हा वाद मालकीचा ठेवला तर सुटणार नाही. मूळ वस्तू मालकाकडे आणि स्वच्छ छायाप्रत दोन्ही देशांत, हा व्यवहार्य मार्ग आहे. जेरुसलेम येथे १९५० पासून जगभरातील हिब्रू हस्तलिखितांच्या मायक्रोफिल्म याच तत्त्वावर जमवल्या गेल्या.

उपाय अवाढव्य खर्चाचे नाहीत. पहिले काम यादीचे: कोणत्या सिनेगॉगमध्ये आणि कोणत्या घरात काय आहे, याची नोंद. ती घेताना मालकाची संमती आणि त्याच्या नावाची गुप्तता पाळली गेली पाहिजे. संख्येने अल्प असलेल्या समाजाला आपल्या घरातील मौल्यवान वस्तूंचा गवगवा नको वाटणे स्वाभाविक आहे. दुसरे काम छायाचित्रणाचे, आणि ते दफनविधीच्या आधी व्हावे. निकामी कागदाचे दफन हा धर्माचार आहे, त्यात इतरांनी ढवळाढवळ करू नये. पण त्याआधी तासाभराचे छायाचित्रण त्या आचाराच्या आड येत नाही. तिसरे काम माणसे घडवण्याचे. मराठी, मोडी आणि हिब्रू या तिन्ही लिपी वाचू शकणारे पाच-दहा तरुण मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांतून तयार झाले, तरी मोठी मजल मारता येईल. घरोघरी पाळण्याचे नियम तर त्याहून सोपे आहेत: चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, जमिनीपासून उंच, सुती कापडात आणि हवेशीर जागी ठेवावे. आपल्या पूर्वजांनी दप्तरे रुमालात बांधून ठेवली ती उगीच नव्हे.

या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्याच ग्रंथाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. बेने इस्रायलांचा इतिहास त्यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केला. ते हस्तलिखित पुढची चाळीस वर्षे अप्रकाशित राहिले. लेखकाच्या निधनानंतर, १९३७ साली, इमॅन्युएल ओल्सवांगर यांनी ते संपादित करून तेल अवीव येथे छापले. आज या समाजाविषयी लिहिणारा प्रत्येक अभ्यासक त्याच ग्रंथापासून सुरुवात करतो. मधल्या चाळीस वर्षांत एखाद्या पावसाळ्यात ते बाड भिजले असते, तर कोकणातील ज्यूंविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातील बरेचसे आज ठाऊक नसते. केहीमकरांचे बाड वाचले, कारण ते योग्य वेळी योग्य माणसाच्या हाती पडले. उरलेल्या वह्यांचे भवितव्य अशा योगायोगावर सोडायचे की त्यांची यादी करायला आजच बसायचे, हे समाजाने, विद्यापीठांनी आणि शासनाने मिळून ठरवायचे आहे. पुनर्विकासाचे वेळापत्रक पाहता त्यासाठी फार पावसाळे हाताशी नाहीत.